‘काहीही’ साच्यास अग्रमान दिल्याची हकिकत

कुलस्वामीचे स्मरण करून, आणि उघडिला तो प्रत्येक कंस मिटो ऐसी प्रार्थना करून, लिहिणार लिहितो ऐसे जे. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरी गणित सोडविणारे यंत्र करावे ऐसे हुजुरांचे मनात आले, आणि दिवाण गिरमाजीपंत, ज्यांस आपण सर्वज्ञ ऐसा भ्रम होता, पुढे सरसावून बोलिले, "भर दरबारी यंत्र उत्तर न देईल, तर दिवाणगिरीची वस्त्रे उतरून ठेवीन." मग म्हाळसाबाई लिस्पनवीस यांणी लिस्प नामे कंसबहुल यंत्रभाषेत साचे, म्हणजे प्रश्न ओळखावयाचे नमुने, एकाखाली एक रचिले. नुसता अंक येईल तर तोच परत द्यावा. बेरीज येईल तर दोन्ही बाजू पुन्हा यंत्रातच घालून सोडवाव्या आणि मिळवाव्या. गुणाकारासही तीच रीत. आणि कशातच न बसेल त्यासाठी तळाशी ‘काहीही’ नामे साचा, जो "समजत नाही" म्हणोन वाटेस लावी. यंत्र वरून खाली पाही, आणि जो साचा प्रथम बसे त्याचेच ऐके.

पंतांनी मांडणी पाहिली आणि संतापले. दरबारी रिवाज ऐसा, की ज्याची जहागीर थोर त्याचे आसन पुढे. आणि ‘काहीही’ याचे जहागिरीत तो सारे ब्रह्मांड! "ऐशा मातबरास दाराशी, जोड्यांपाशी बसविता?"

"पंत, हा पुढे बसला तर मागच्यांपर्यंत काही पोचणारच नाही," बाई बोलिल्या. "हा सगळेच गिळतो."

"बाई, मानपान आम्हांस शिकवू नका," ऐसे बोलोन पंतांनी स्वहस्ते त्यास अग्रस्थानी बसविले. अक्कल गहाण टाकावी ती ऐशी.

मग दरबार भरला, आणि हुजुरांनी पुसिले, (+ 2 (* 3 4)), म्हणजे तीन चोक बारा, त्यांत दोन मिळवा. यंत्र बोलिले, "समजत नाही." मग सोपे करून (+ 1 1) पुसिले, तरी "समजत नाही." मग नुसता 7 दिला, जो परत देणे इतुकेच काम, तेही "समजत नाही." दरबार हसो लागला, आणि पंत घाम पुशीत बोलिले, "सरकार, प्रश्नच अवघड आहेत."

मग हुजुरांनी बाईंकडे पाहिले, आणि बाईंनी ‘काहीही’ उचलून तळाशी ठेविला, आणि पहिल्याच प्रश्नास चौदा आले.

पंत वस्त्रांची गाठ सोडू लागले. हुजूर बोलिले, "वस्त्रे राहू द्या, पंत. आसन मात्र हलवा. ज्याचे काम कोणाकडेच होत नाही, तो आता तुम्हांकडे येईल."

तेव्हापासून पंत जोड्यांपाशी बसतात, आणि येईल त्यास "समजत नाही" म्हणतात, आणि साऱ्या दिवाणगिरीत प्रथमच त्यांचे उत्तर बरोबर येऊ लागले आहे.

एवंच यंत्र चालले, पंत जागी बसले. येथे कंस मिटला.