लांब पट्ट्याची गाडी

बर्फावर चालणारी स्नोमोबाइल घ्यायची म्हणजे फक्त रंग ठरवायचा असतो, अशा समजुतीत वेंडेल सालो ड्वेनच्या दुकानात शिरला. रंग त्याने घरूनच ठरवून आणला होता. काळा. काळ्यावर मळ दिसत नाही आणि माणूस जरा बारीक दिसतो, असं त्याचं मत होतं (दोन्हीची त्याला गरज होती).

"काळी दे एक," तो म्हणाला.

"पट्टा केवढा?" ड्वेनने विचारलं.

वेंडेलने नकळत आपल्या कमरेकडे पाहिलं.

"तुझा नाही रे! गाडीचा. खालचा रबरी पट्टा, ज्याच्यावर गाडी पळते. आखूड देऊ, मधला देऊ की लांब?"

वेंडेल जिल्ह्याच्या रस्ते खात्यात कारकून होता. बर्फ कुठे पडला, किती पडला आणि तो अजून का उचलला नाही, या तीन प्रश्नांवर त्याची नोकरी चालली होती. गेली कित्येक वर्षं तो हिवाळाभर स्नोमोबाइल चालवत होता. पण आपल्या बुडाखाली जे फिरतंय त्याला लांबी असते, ही गोष्ट त्याच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. आता आली, आणि एकदा त्याच्या डोक्यात गोष्ट आली की ती सहजासहजी बाहेर पडत नसे.

"फरक काय पडतो?"

"आखूड पट्टा वळणावर चपळ. लांब पट्टा खोल बर्फात बुडत नाही, खाचखळग्यांवरून अलगद जातो, पण वळायचं म्हटलं की रुसतो. तू चालवणार कुठे?"

"ठोकून सपाट केलेल्या वाटेवर. पण मागे सासूबाई बसणार."

"मग मधला घे. एकशे सदतीस इंची. विषय संपला."

दुसरा कोणीही माणूस मधला घेऊन घरी गेला असता. वेंडेल म्हणाला, "पण का?" आणि गाडी न घेताच घरी आला.

आता सासूबाई मध्येच कुठून आल्या, ते सांगायला हवं. वेंडेलच्या सासूबाई हिल्मा लेकीकडेच राहायच्या. त्यांचे थोरले भाऊ अर्वो तळ्यापलीकडे जंगलात एकटे राहायचे, आणि फेब्रुवारीत त्यांना नव्वद पूर्ण होणार होती. तिकडचा रस्ता हिवाळ्यात कोणी साफ करत नसे (कोण साफ करत नसे, हे वेंडेलला चांगलं माहीत होतं). जायचं तर स्नोमोबाइलनेच. शरद ऋतूत अर्वो पडले होते. तेव्हापासून हिल्माबाईंच्या मनाला चैन नव्हती. एका रात्री जेवताना त्यांनी काटा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "वाढदिवसाला मी जाणार. पुढच्या हिवाळ्यापर्यंत आम्ही दोघंही असूच असं नाही."

"आई, तुमची कंबर," वेंडेल म्हणाला.

"कंबर इथे ठेवून जाऊ का?"

"तसं नाही. मी नेतो तुम्हाला," वेंडेल बोलून गेला. जुन्या गाडीचा पट्टा मागच्याच वर्षी तुटला होता, हे त्याला नंतर आठवलं.

तर, "पण का?" हा प्रश्न घेऊन वेंडेल घरी आला, तेव्हा त्याची बायको मार्ला कामावर होती. त्याने स्वयंपाकघराचा ओटा मोकळा केला, त्यावर घरात होतं नव्हतं तेवढं पीठ ओतलं आणि पावाचा छोटा साचा आणि भाजणीचा लांब ट्रे त्यावर शेजारीशेजारी ठेवले. दोन्हींत घेवड्याचा एकेक डबा सासूबाई म्हणून बसवला. साचा पिठात रुतला. ट्रे वरच राहिला! वेंडेलच्या अंगावर काटा आला. मग त्याने घरातलं लाटणं, मेणबत्त्या आणि एक सॉसेज ओळीने मांडून वाटेतले उंचवटे तयार केले. त्यांवरून साचा धडपडत गेला आणि सासूबाई उडून जमिनीवर पडल्या. ट्रे मात्र लोण्यासारखा सरकला.

"वेंडेल," दारातून मार्लाचा आवाज आला. "हे काय आहे?"

"आई आहेत," वेंडेल घेवड्याचा डबा जमिनीवरून उचलत म्हणाला.

मार्लाने त्याच्याकडे पाहिलं, पिठाकडे पाहिलं, सॉसेजकडे पाहिलं. "ओटा पुसून टाक," ती म्हणाली आणि कोट न काढताच पाव आणायला परत बाहेर गेली.

प्रयोगात वळण घ्यायचं राहून गेलं होतं. ओट्याला वळणच नव्हतं, त्याला वेंडेल तरी काय करणार?

दुसऱ्या दिवशी त्याने ड्वेनला फोन लावला. पलीकडच्या खोलीत हिल्माबाई मोजा विणत बसल्या होत्या. दार किलकिलं होतं, त्यामुळे त्यांना जावयाचा आवाज येत होता, ड्वेनचा नाही.

"हो, सासूबाईंसाठीच... नाही नाही, आखूड नको. आखडून जातील बिचाऱ्या... एकशे पंचावन्न इंची आहे? मग तीच दे... काळी. हो, काळीच शोभते... फेब्रुवारीच्या आत तयार हवी. अर्वोमामांकडे आम्ही सगळे जमणारच आहोत... तोपर्यंत गॅरेजमध्ये ठेवू, त्यांना दिसायला नको... हे बघ, एकदा त्यांना नीट बसवलं, की पुढे त्यांना काही जाणवता कामा नये. धक्का नाही, आवाज नाही, काही नाही."

हिल्माबाईंच्या हातातल्या सुया थांबल्या.

त्या आठवड्यात घरात चमत्कारिक गोष्टी घडू लागल्या. हिल्माबाईंनी कॉफी दळायचं आपलं जुनं यंत्र मार्लाच्या हातात ठेवलं आणि "तुलाच राहू दे आता" म्हणाल्या. निळा पोशाख धुवून, इस्त्री करून कपाटाच्या दाराला टांगला. वेंडेलशी त्या इतक्या गोड बोलू लागल्या की तो घाबरला. गाडीचं यांना कळलं की काय, अशी त्याला शंका आली.

शेवटी रविवारी जेवताना बांध फुटला.

"मी पाच फूट दोन इंच आहे," हिल्माबाई म्हणाल्या.

"बरं," वेंडेल म्हणाला.

"एकशे पंचावन्न इंच म्हणजे तेरा फूट होतात. मी विणकामाच्या टेपने मोजलं. तेरा फुटांची पेटी कशाला? सोबत कोणाला घालणार आहात?"

"पेटी?" मार्ला म्हणाली.

"आणि मी गेले नाही अजून, तर आधीच आणून गॅरेजमध्ये ठेवायची घाई कसली? अर्वोच्या वाढदिवशीच उरकायचं ठरवलंय ना? पाहुणे आयतेच जमलेले!"

वेंडेलच्या घशात बटाटा अडकला. मार्लाने त्याच्या पाठीत गुद्दे घातले (गरजेपेक्षा चार जास्तच). गाडी, पट्टा, कंबर असं सगळं अडखळत सांगून झालं, तेव्हा हिल्माबाईंच्या चेहऱ्यावर सुटकेपेक्षा थोडी निराशाच दिसली.

"तेरा फुटांचा पट्टा म्हणजे गाडी केवढी?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, तो पट्टा गोल फिरतो. माळेसारखा. तेरा फूट ही पूर्ण माळेची लांबी. जमिनीला त्यातला थोडाच टेकतो."

"असं होय!" हिल्माबाई म्हणाल्या. कुतूहल त्यांनाही होतंच. "मग किती टेकतो?"

वेंडेलने हे मोजलं नव्हतं. त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

सासूबाईंना इतका घोर लावला, याची भरपाई म्हणून तरी लांबच पट्टा घ्यायचा, असं त्याने पक्कं केलं. ड्वेनने परोपरीने सांगितलं, "अरे, ही डोंगरातल्या पोरांची गाडी. पट्ट्याला दाते बघ केवढे, बोटाएवढे! कडक वाटेवर ही तापेल, वळणार नाही."

"पिठावर चालली," वेंडेल म्हणाला.

ड्वेनने हात जोडले. त्याने मागे जादा सीट बसवून दिली आणि मार्लाला स्वतःची आखूड पट्ट्याची जुनी गाडी उसनी दिली. "कोणीतरी वळणारं सोबत असू दे," तो म्हणाला.

वाढदिवसाच्या दिवशी ऊन लखलखीत होतं आणि रात्रीच्या गारठ्याने वाट फरशीसारखी टणक झाली होती. हिल्माबाई निळा पोशाख, त्यावर तीन कोट आणि डोक्यावर हेल्मेट अशा थाटात मागे बसल्या. मांडीवर वेलदोड्याच्या गोड पावाची पिशवी होती.

सरळ वाटेवर वेंडेलचं भाग्य उजळलं. खळग्यांवरून गाडी अशी जात होती की जणू खळगे नाहीतच. पुढे मार्ला आखूड गाडीवर लाह्यांसारखी उडत होती. मागून हिल्माबाई ओरडल्या, "सोफ्यावर बसल्यासारखं वाटतंय रे!" इतकी वर्षं जावई होऊन वेंडेलला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र.

थोड्या वेळाने पुढ्यात इंजिनाचा लाल दिवा लागला. टणक वाटेवर पट्ट्याने भुसभुशीत बर्फ उडेना, आणि उडालेल्या बर्फानेच तर इंजिन थंड राहायचं. वेंडेलने गाडी कडेच्या बर्फात घालून उभी केली.

"का थांबलो?"

"हिला ताप आलाय."

पुढे पुन्हा ताप आला, मग पुन्हा. "घरी ठेवायची होती मग आजारी पोरीला," हिल्माबाई म्हणाल्या.

असं करत करत ते दलदलीपाशी आले. दलदल गोठून तिच्यावर पुरुषभर मऊ बर्फ साचला होता आणि वाट तिला मोठा वळसा घालून पलीकडे जात होती. मार्ला वळणावरून सुळकन निघून गेली. वेंडेलने दांडा वळवला. चाकांच्या जागी असलेल्या पुढच्या स्की वळल्या. वेंडेल वळला. सासूबाईही वळल्या. गाडी मात्र नाकासमोर चालणाऱ्या सज्जन माणसासारखी सरळ गेली, वाट सोडून दलदलीवर उतरली आणि वेंडेलने वेगाच्या खटक्यावर दाबलेला अंगठा घाबरून सोडला तेव्हा बर्फाच्या मधोमध अलगद थांबली.

बुडाली नाही. अजिबात बुडाली नाही.

"बघा आई!" वेंडेल हरखून म्हणाला. "वरच राहिली! ट्रेसारखी!" पट्टा नेमका किती टेकलाय हे बघायची याहून चांगली संधी कुठली? तो गाडीवरून खाली उतरला आणि छातीपर्यंत नाहीसा झाला.

"वेंडेल? कुठे गेलास?"

"इथेच आहे. जरा खाली."

त्याने वर चढायला हात टेकला, तो हात खांद्यापर्यंत गेला. पाय मारला, तर आणखी रुतला. इंजिन चालूच होतं. दलदलीच्या पलीकडे, समोरच, अर्वोच्या घराचा धूर दिसत होता. हिल्माबाईंनी धूर पाहिला आणि त्या सरकून पुढच्या सीटवर आल्या.

"हा अंगठ्याने दाबायचा खटका का रे?"

"आई, हात लावू नका!"

"मग इथे बसून अंडी उबवू? तिकडे तो एकटा आहे."

त्यांनी खटका दाबला. अगदी हळू, सुईत दोरा ओवावा तसा. गाडी हलली आणि धुराच्या दिशेने सरळ चालू लागली. वळायचं नव्हतंच, त्यामुळे गाडीची काही तक्रार नव्हती. पावाच्या पिशवीसकट सासूबाई लहान लहान होत गेल्या.

मार्ला शोधत परत आली तेव्हा तिला बर्फाच्या सपाटीवर फक्त नवऱ्याचं हेल्मेट दिसलं.

"आई कुठे?"

"गेल्या," वेंडेल म्हणाला.

मार्लाचा चेहरा पांढरा पडला. "गेल्या म्हणजे?"

"अर्वोमामांकडे गेल्या! तू मला आधी बाहेर काढ, मग घाबर."

मार्लाने गाडीच्या दबलेल्या चाकोरीवर आडवं पडून, मफलर टाकून त्याला ओढून काढलं. बर्फाने माखलेला वेंडेल अर्वोच्या घरी पोचला तेव्हा भाऊबहीण खिडकीशी गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. अर्वोमामांना ऐकू कमी यायचं. गाडीचा आवाज त्यांना आलाच नव्हता. जिकडून कधी कोणी येत नाही, त्या दलदलीवरून काहीतरी काळं आपल्याकडे येतंय एवढं त्यांना दिसलं होतं, आणि ते काठी टेकत उघड्या डोक्याने बाहेर येऊन उभे राहिले होते.

"कुठून आलीस?" त्यांनी पुन्हा विचारलं. बहुधा तेवढंच विचारत होते मघापासून.

"सरळ," हिल्माबाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या आणि हाताने त्यांचे पांढरे केस नीट केले. "वाळलास रे फार."

"तू आलीस ना," अर्वोमामा म्हणाले.  वेंडेलने हेल्मेट काढलं आणि नाक पुसलं. थंडी होती, तिच्यामुळेच असणार.

कॉफी झाली, केक झाला, अर्वोमामांनी बहिणीचा हात काही सोडला नाही. निघताना हिल्माबाई थेट गाडीपाशी गेल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. "तू मागे बस," त्यांनी जावयाला फर्मावलं. "तू उतरतोस मधेच."

वेंडेल मागे बसला. या खेपेला वाटेनेच जायचं होतं, आणि ते वळण आता उलट्या बाजूने आलं. त्याने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा वळण मागे पडलं होतं आणि गाडी वाटेवरच होती.

"आई!" तो ओरडला. "वळली कशी?"

"हळू चालवली," हिल्माबाई म्हणाल्या.

पिठाच्या त्या प्रयोगात कुठे चूक राहिली, ते आता वेंडेलला दिसू लागलं. तो उत्साहाने सीटवर अर्धा उठला. "हळू म्हणजे नेमकी किती हळू? वळणाच्या आधी हळू की वळणात? आणि पट्टा लांब असेल तर..."

पुढे सरळ वाट लागली होती. हिल्माबाईंनी अंगठा दाबला. गाडी पुढे गेली आणि वेंडेल होता तिथेच हवेत राहून मग कडेच्या मऊ बर्फात बसला. तिथून मागून येणाऱ्या मार्लाने त्याला उचलून घेतलं.

हिल्माबाईंनी घरापर्यंत मागे वळून पाहिलं नाही. नंतर मार्लाने विचारलं, तेव्हा त्या कोट काढता काढता म्हणाल्या, "पडला होय? प्रश्न थांबले, तेव्हा मला वाटलं, एकदाचं समजलं त्याला!"