फियाटच्या स्टिअरिंगला लावलेला कौल

खरं-खोटं ओळखण्यात माझा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नाही, हे मी नम्रपणे सांगते. रुद्राक्ष, मध, तूप, साडीची जर, काहीही आणा. शेजारच्या दानेश्वरीच्या लग्नातले मोती प्लास्टिकचे आहेत हे मीच ओळखलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, पण मोती अजून प्लास्टिकचेच आहेत.

तेव्हा खंडेनवमीला जे झालं ते अज्ञानातून झालं नाही. भक्तीतून झालं.

आमच्याकडे १९६४ची फियाट आहे. सासऱ्यांच्या वडिलांनी कोरी घेतलेली. हिचा गिअर खाली नसतो, स्टिअरिंगच्या दांड्यालाच असतो. "एवढी वर्षं झाली, एक ओरखडा नाही की," हे वाक्य आमचे सासरे चनबसप्पा पाहुण्यांना चहाच्या आधी देतात. यंदा शहरात जुन्या गाड्यांची मिरवणूक ठरली. अट एकच होती. पुण्याचे सुबोधराव नावाचे जाणकार येणार, स्टिअरिंगचे भाग तपासणार आणि ते त्याच गाडीचे, मूळचे आहेत असं लिहून देणार. तो कागद मिळाला तरच गाडी मिरवणुकीत. कागद मिळायच्या आधीच आमच्या यजमानांनी, म्हणजे नंदीशनी, अर्ध्या सोलापूरला आमंत्रण देऊन टाकलं होतं.

तपासणीसाठी यांनी स्टिअरिंग उकललं आणि पोर्चमध्ये दोन वर्तमानपत्रं अंथरली. एकावर स्केचपेननं लिहिलं 'गाडीतलं', दुसऱ्यावर 'भंगारातलं'. दुसरा संच यांनी मागच्याच महिन्यात मोहोळच्या भंगारवाल्याकडून अडीनडीला म्हणून आणला होता. दोन्हीत तेच सहा-सहा भाग. दांड्यावरची नळी, गिअरचा दांडा, हॉर्नची रिंग, इंडिकेटरची काडी आणि दोन पट्ट्या.

"मी झेंडूची फुलं घेऊन येतो. याला हात लावू नकोस," हे म्हणाले.

पूजा होईपर्यंत मी बोलत नाही, रोजचा नेम आहे. मी नुसती मान हलवली. पण दिवस खंडेनवमीचा. घरातली कात्री, विळी, पाना, सगळ्यांची पूजा होणार आणि बारा लोखंडी भाग तेवढे पारोसे बसणार? माझ्या हातून ते होणं नव्हतं. मी बाराही भाग बादलीत घातले, चिंच-मीठ लावून घासले, पुसले, विभूती लावली आणि एका परातीत रचले. लखलखत होते अगदी. आणि मग मी परातीकडे नीट बघितलं.

कुठले गाडीतले आणि कुठले भंगारातले, ते फक्त कागदाला ठाऊक होतं. आणि दोन्ही कागद आता रिकामे.

मी माझ्या सगळ्या परीक्षा लावल्या. रुद्राक्षासारखे पाण्यात सोडून पाहिले, सगळे बुडाले. वास घेतला, सगळ्यांना चिंचेचा. सासूबाई ईरम्मा दारात उभ्या राहून बघत होत्या.

"अय्यो, इंडिकेटरचा वास काय घेतीस गं?"

मी हातानंच पूजा चाललीय म्हणून सांगितलं.

शेवटी देवाशिवाय कोण? मी जोड्या लावल्या. दोन नळ्या, दोन रिंगा, असं. पिंडीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि मनात म्हटलं, महादेवा, यातला अस्सल कुठला? उजवी पाकळी पडली तर उजव्या हातातला, डावी पडली तर डाव्या. सहा वेळा कौल घेतला. देवानं दिलेले सहा 'गाडीतलं' म्हणून ठेवले, बाकीचे 'भंगारातलं' म्हणून. हे आले, लखलखाट पाहून चमकले, पण तेवढ्यात फाटकाशी सुबोधराव उभे.

सुबोधरावांनी भिंग काढलं. रिंगेच्या आत बघितलं. नळीच्या टोकाशी कोरलेला आकडा वाचला.

"अस्सल," ते म्हणाले. "सहाच्या सहा. पलीकडचे सगळे नंतरच्या बनावटीचे आहेत."

मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला. यांनी टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिलंसुद्धा.

"फक्त नळीला इथं खालच्या अंगाला पोचा आहे. हा कसला?"

"पोचा?" यांचा चेहरा पडला. "काल मी स्वतः काढली. पोचा नव्हता." मग हळूहळू यांची मान माझ्याकडे वळली. "सिद्धेश्वरी. तू हात लावलास?"

पूजा संपली होती. बोलणं भागच होतं. "घासताना सरमिसळ झाली. मग मी कौल लावला," मी म्हणाले.

"स्टिअरिंगला?"

"देवाला. अस्सल कुठला ते विचारलं. आपला कुठला, ते विचारायचं राहिलं."

सुबोधरावांनी टोपण शांतपणे परत लावलं. "म्हणजे अस्सल आहे ते भंगारातलं, आणि गाडीत होतं ते बनावट. मग मला लिहून देता येणार नाही. भाग याच गाडीचे हवेत."

हे मटकन पायरीवर बसले. अर्ध्या सोलापूरला काय सांगायचं, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

"थांबा," कोपऱ्यातून सासरे म्हणाले.

त्यांनी नळी हातात घेतली, पोच्यावरून अंगठा फिरवला. "हे आमच्याच गाडीचं हाय. पोचा मीच पाडलाय."

"तुमी?" सासूबाई म्हणाल्या.

"त्र्याऐंशी साली. मोहोळच्या पुढं खांबाला धडकली. तितल्या गॅरेजवाल्यानं दुसरं बसवून दिलं, हे सगळं त्याच्याकडंच राहिलं, तेच भंगारात गेलं असनार."

"मामा, ओरखडासुद्धा नाही म्हणत होता की तुम्ही," मी हळूच म्हटलं.

"गाडीला नाही. नळीला हाय."

सुबोधराव वाकून गाडीखाली गेले. नळी बसते त्या खालच्या ब्रॅकेटलाही त्याच जागी तसाच दाबल्याचा माग सापडला. ते हसतच बाहेर आले आणि लिहायला बसले. यांच्या जिवात जीव आला. आता संपलं, असं मलाही वाटलं.

"कसला खांब?" सासूबाईंनी विचारलं.

सासरे नळी पुसायला लागले.

"मोहोळच्या पुढं कसला खांब हो? त्र्याऐंशी साली तुमी सिद्धरामाच्या भजनाला बसला हुता की. दोन दिवस. मी हितं उपास धरून बसले हुते."

"तंबूचा," सासरे म्हणाले.

"भजनाचा तंबू?"

"तमाशाचा."

मी पूजेची विभूती आवरत होते, ती आयुष्यात पहिल्यांदाच सांडली.

शनिवारी फियाट मिरवणुकीत निघाली. यांनी चालवली. पुढच्या सीटवर सासूबाई, हिरव्या इरकलीत, लोकांना हात करत. मी मागे. सासरे रिक्षानं आले, आणि रिक्षावाल्याला वाटेत काय सांगितलं कोण जाणे, तो फियाटची चाकं बघून मला म्हणाला, "बाई, एक ओरखडा न्हाय बघा."