शिरगावचा नियमित सहभागी

बळवंत सावे वारले त्याला महिना होत आला, तरी त्यांचा खोकला काही थांबेना.

ही गोष्ट केदारच्या ध्यानात आली तेव्हा तो पालघरच्या ऑफिसात डबा खात बसला होता. समोरच्या संगणकावर बोईसर-तारापूरपासून शिरगाव-मुरब्यापर्यंतची काही घरं ठिपक्यांनी दाखवलेली होती. ज्या घरात कुणी खोकलं, त्या घराचा ठिपका हिरवा होऊन लुकलुकायचा. माणसं जेवून लवंडतात त्या वेळेला शिरगावच्या टोकाचा एक ठिपका लुकलुकला. केदारनं सहज नाव बघितलं आणि भेंडीचा घास त्याच्या हातातच राहिला. बळवंतकाकांच्या तेराव्याला तो स्वतः जाऊन आला होता, आणि चांगला पोटभर जेवूनही आला होता.

केदारच्या संस्थेला युरोपातल्या एका सार्वजनिक आरोग्य निधीनं अनुदान दिलं होतं. काम तसं सोपं होतं. खोकणाऱ्या वयस्कर माणसांच्या घरी भिंतीवर एक पांढरी पेटी लावायची. पेटी खोकला ऐकायची, आवाजावरून माणूस ओळखायची आणि नोंद थेट युरोपात पाठवायची. त्याच अनुदानातून एक्स-रेची आणि क्षयाच्या गोळ्यांची गाडी डोंगराकडच्या पाड्यांवर फिरायची, जिथे एरवी फक्त मतं मागणाऱ्यांच्या गाड्या जात. काम सोपं होतं, नियम मात्र सोपे नव्हते. नियमांचं पुस्तक इतकं जाड होतं की वाऱ्यानं खिडकी आपटू नये म्हणून ऑफिसात तेच अडकवून ठेवलेलं असे.

त्यातल्या एका नियमानं केदारची झोप उडवली होती. पाचव्या हिश्शाहून जास्त सहभागी सोडून गेले, तर पुढचा हप्ता बंद, म्हणजे गाडी बंद. आणि माणसं तर सोडून जातच होती. कुणी मुलाकडे विरारला राहायला गेलं, कुणी वीटभट्टीवर गेलं, आणि मुरब्याच्या एका आजोबांनी, पेटीमुळे आपल्या जावयाला घरातलं सगळं कळतं असा संशय घेऊन, ती रीतसर परत केली. आता आणखी एक घर गेलं की संपलं, अशा नेमक्या काठावर बळवंतकाका गेले. केदारला वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्यात काकांचा वाटा किती आणि गाडीचा किती, हे त्यानं स्वतःला विचारायचं टाळलं.

तरी तो माणूस सरळ होता. मनावर दगड ठेवून त्यानं मृत्यूची नोंद युरोपात पाठवली. उत्तर लगेच आलं, तिकडच्या यंत्राच्या मराठीत : ‘सहभागी मृत असल्याचे आपण नमूद केले आहे. तथापि सहभागी काल दुपारी खोकलेला आहे. कृपया दोहोंपैकी एक दुरुस्त करा.’

केदारनं मृत्यूचा दाखला जोडला. त्यावर तिथल्या मदत कक्षानं कळवलं की त्यांच्याकडे खोकला हा मुख्य पुरावा असून दाखला हा पूरक कागद आहे.

संस्थेच्या प्रमुख समिधा मॅडम यांनी ते वाचून चष्मा काढला आणि पुसून परत घातला. “पेटी बिघडली असेल. शेजारच्या कुणाचा खोकला त्यांच्या नावावर जात असेल. जाऊन बघून ये.”

“मी एकटा?”

“हितेशला ने. गाडी तोच चालवतो ना?”

शिरगावात ते पोचले तेव्हा दुपार टळटळीत होती. किल्ल्याकडचा रस्ता रिकामा, सुरूच्या झाडांतून वारा, आणि वाडीत पानवेलींच्या मांडवाखाली हिरवा अंधार. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. भीती रात्रीची असते असं समजणाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या गावात भर दुपारी एकदा उभं राहून पाहावं. हितेशनं गाडी फाटकाशी थांबवली, पण उतरायचं काही नाव काढलं नाही. “तुमी जाऊन या सर, मी गाडी फिरवून ठेवतो,” तो म्हणाला.

बळवंतकाकांच्या पत्नी सुलूकाकू ओटीच्या पायरीवर विड्याच्या पानांच्या जुड्या, म्हणजे कवळ्या, बांधत बसल्या होत्या. केदारला पाहून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

“ये रे केदार. पन हळू बोल. ते आत्ताच आडवे झालेत.”

“कोण, काकू?”

“कोन म्हंजे? या वक्ताला आमच्या घरात दुसरं कोन आडवं होतं?”

केदारनं विषय बदलायला तोंड उघडलं आणि आतून खोकला आला. तीन आखूड ढासा, मग एक लांब, तळापासून ओढून काढलेली, आणि शेवटी दमलेलं ‘रामा रे’. तो खोकला केदारनं पेटी बसवताना समोर बसून ऐकला होता. त्यानं काकूंच्या तोंडाकडे पाहिलं. कवळीची दोरी त्यांच्या दातांत धरलेली होती. आत झोपाळ्याची कडी करकरली. समुद्राचा वारा होता, झोपाळा त्यानंच हलला असणार, असं केदारनं स्वतःला दोनदा सांगितलं.

“पेटी काढून न्यायला आलास का रे?” काकूंनी दातांतली दोरी सोडून विचारलं. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. “नाय ना नेनार?”

“नाही, नाही. पेटी उत्तम चाललीय, काकू,” केदार म्हणाला आणि उलट्या पावलांनी फाटकापर्यंत आला. उलट्या पावलांनी कोण चालतं हे आठवल्यावर मात्र तो सरळ फिरला आणि पळाला.

गाडी मुख्य रस्त्याला लागली. मग हितेश म्हणाला, “कोन खोकलं, सर?”

“इंजिन असेल.”

“इंजिन ‘रामा रे’ नाय बोलत, सर.”

ऑफिसात समिधा मॅडम त्यांची वाटच पाहत होत्या. अनुदानाचं मूल्यमापन करायला युरोपातून डॉ. मार्गारेता येणार होत्या, याच आठवड्यात. आणि त्यांनी भेटीसाठी एकच घर निवडलं होतं.

“शिरगावचं,” मॅडम म्हणाल्या. “सगळ्यात नियमित सहभागी म्हणून. रोज दुपारी, एका दिवसाचा खाडा नाही. नियमाप्रमाणे सहभागीशी त्या स्वतः बोलणार आहेत.”

“बोलतील. ते उत्तर देतील अशीच मला भीती आहे.”

“हे बघ, आपण खरं ते सांगून टाकू.”

“त्यातलं कोणतं खरं, मॅडम? ते वारलेत हे, की ते खोकतात हे?”

मॅडमनी चष्मा पुन्हा पुसला. “दोन्ही,” त्या म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज तितकासा घट्ट नव्हता.

दाराशी उभ्या असलेल्या हितेशनं घसा खाकरला, तर दोघंही दचकली. “पाड्यावरचा तो गोळ्यावाला जिवल्या इचारत होता, सर,” तो म्हणाला. “येत्या मंगळवारी गाडी येनार ना? त्याच्या गोळ्या संपत आल्यात. गेल्या वक्ताला गाडी चुकली, तर तो पाड्यावरून पालघरला चालत आला होता. आल्यावर बाकड्यावर बसला तो उठेच ना.” केदारनं येणार म्हणून सांगितलं. बळवंतकाकांनी खोकत राहावं, असं त्याला त्या क्षणी मनापासून वाटलं. ते वाटल्याबद्दल घरी जाऊन त्यानं देवापुढे जास्तीची उदबत्ती लावली.

डॉ. मार्गारेता उंच, पांढऱ्या केसांच्या आणि गंभीर होत्या. पालघर ते शिरगाव त्या मांडीवरची फाईल वाचत होत्या. समिधा मॅडम दुभाष्या म्हणून सोबत होत्या. आज हितेशही ओटीपर्यंत आला, कारण गाडीत एकटं बसणं त्याला जास्त अवघड वाटलं.

ओटीवर कुणी नव्हतं. झोपाळा नुसताच, अगदी थोडासा हलत होता. समोरच्या भिंतीवर बळवंतकाकांची तसबीर होती, तिला चंदनाचा हार होता आणि बरोबर तिच्याखाली पांढरी पेटी होती. डॉ. मार्गारेतांनी तसबिरीकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं. परदेशी असल्या तरी हाराचा अर्थ त्यांना कळत असावा, कारण त्यांच्या भुवया वर गेल्या.

तेवढ्यात बळवंतकाका खोकले.

तीन आखूड, एक लांब. ‘रामा रे’. आवाज तसबिरीतून आल्यासारखाच आला. हितेश केदारच्या दंडाला धरून उभा राहिला, केदारनं समिधा मॅडमची पर्स धरली, आणि डॉ. मार्गारेता एक पाऊल मागे सरकून त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या. त्याचं भाषांतर कुणाला लागलं नाही. पुन्हा खोकला झाला. मग आणखी एकदा. सबंध ओटी तिथं एक माणूस असल्यासारखी भरून गेली होती, आणि तो माणूस तिथं नव्हता.

पहिल्यांदा भान आलं ते डॉक्टरीणबाईंना. त्या पेटीजवळ गेल्या, वाकल्या, आणि पेटीच्या कडेच्या निळ्या बटणावर त्यांनी बोट ठेवलं. खोकला थांबला.

“हे कुणी दाबलं होतं?” समिधा मॅडमनी त्यांचा प्रश्न मराठीत विचारला.

माजघराच्या दारातून सुलूकाकू पुढे आल्या. पदर दोन्ही हातांनी धरलेला. “मी,” त्या म्हणाल्या.

मग केदारच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्या प्रकाशात तो स्वतःच उभा होता. युरोपातला आणखी एक नियम होता : माणसाची माहिती ही त्याच्या मालकीची, ती त्याला कधीही ऐकता आली पाहिजे. म्हणून पेटीला ते बटण होतं. दाबलं की पेटी आतले खोकले एकामागून एक ऐकवायची. आणि स्वतःच ऐकवलेला तो खोकला पेटी स्वतःच ऐकायची, माणूस ओळखायची आणि बळवंत सावे दुपारी खोकले म्हणून इमानानं युरोपला कळवायची.

“यानंच दाखवलं होतं बटन आमच्या ह्यांना,” काकू केदारकडे बोट करून म्हणाल्या. “म्हनला, काका, तुमचा खोकला तुमचा हाय, कदीपन ऐका. ते हसले. म्हनले, माजा खोकला मी कशाला ऐकू, ही ऐकते की जन्मभर.” त्यांनी पेटीवरून पदर फिरवला. “लगीन होऊन आले तवापासून त्या खोकल्यावर माजा दुपारचा डोळा लागायचा. रागपन यायचा, नाय असं नाय. आता घर येवढं गप असतं की झोपच येत नाय. म्हनून दाबते आनि कामाला लागते. मग येते झोप. कुनाला तरास द्यायचा नवता, बाई. पेटी तेवढी नका नेऊ.”

केदारला रडू आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही. भूत गेल्याचा आनंद मात्र त्याला फार वेळ पुरला नाही. भूत गेलं म्हणजे काका खरोखरच गेले, आणि काका गेले म्हणजे काठ ओलांडला गेला. त्याला जिवल्याचं बाकडं आठवलं.

“डॉक्टरांना सांगा,” तो समिधा मॅडमना म्हणाला, “की आमचा आणखी एक सहभागी सोडून गेला. आम्ही कळवलं होतं, पण तुमच्या यंत्रानं ऐकलं नाही. आता गाडी बंद करावी लागेल हे आम्हाला माहीत आहे.”

डॉ. मार्गारेतांनी ते ऐकून घेतलं आणि तुम्ही नियम पुढे वाचले नाहीत का, असं विचारलं. केदारनं खिडकीबद्दल काही सांगितलं नाही. मग त्या सावकाश बोलू लागल्या आणि समिधा मॅडम एकेक वाक्य मराठीत सांगत गेल्या.

“सोडून जाणं म्हणजे गाव बदलणं, नकार देणं किंवा पेटी परत करणं. मृत्यू त्यात धरत नाहीत. जो वारला, तो शेवटपर्यंत आमच्यासोबत होता, असं आमचा नियम मानतो.”

“काय म्हनते ती?” काकूंनी विचारलं.

“त्या म्हणतात, काका सोडून गेलेले नाहीत.”

“मग मी याला येवढा वेळ काय सांगत होते?” सुलूकाकू म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

पेटीचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. डॉ. मार्गारेतांनी बराच वेळ तसबिरीकडे पाहत चहा प्यायला. मृत्यूनंतरचे खोकले अभ्यासात धरणार नाही, असं त्यांनी बजावलं. पण पेटी काढायची तर आधी यंत्रानं मृत्यू मान्य केला पाहिजे, आणि खोकला येतोय तोवर यंत्र तो मान्य करणार नाही. “आणि पेटी इथं आहे तोवर खोकला थांबेल असं मला वाटत नाही,” त्या म्हणाल्या. “यात माझ्या हातात काही नाही.” असं म्हणून त्यांनी कप खाली ठेवला आणि निघताना झोपाळ्याला हात लावून तो थांबवला.

मंगळवारी गाडी पाड्यावर गेली. जिवल्याला गोळ्या मिळाल्या.

त्यानंतर काही दिवसांनी सुलूकाकू डोळे तपासायला पालघरला आल्या आणि केदारसाठी दोन नारळ घेऊन ऑफिसात टेकल्या. केदारनं त्यांना पंख्याखाली बसवलं, उलट्या पावलांनी पळालो होतो तो किस्सा रंगवून सांगितला, आणि दोघंही खूप हसली. आपण असल्या गोष्टींना आता अजिबात घाबरत नाही, असंही त्यानं सांगून टाकलं.

“जेवायची वेळ झाली, काकू. डबा खाऊ या का?”

“मी सकाळीच खाऊन निगाले. ह्यांचं ताट तेवढं झाकून ठेवलंय. सवयच हाय ना.”

केदारनं डब्याचं झाकण काढलं आणि पडद्यावर शिरगावच्या टोकाचा ठिपका हिरवा झाला. त्यानं झाकण परत लावलं.

“काकू, घरी कोण आहे?”

“कोन असनार? कुलूप लावून आले.” त्यांनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

ठिपका लुकलुकत होता. थांबला. पुन्हा लुकलुकला. केदारनं पडदा त्यांच्याकडे वळवला. सुलूकाकूंनी पुढे वाकून, डोळे बारीक करून नाव वाचलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासूनची काळजी मिटल्यासारखं झालं.

“जेवले वाटतं,” त्या म्हणाल्या.