न थांबती गाडी आपली

आमच्या कौसाआत्याला चुडाव्याच्या स्टेशनावर न थांबणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ आहेत. थांबणाऱ्या गाड्यांत तिला रस नाही. "थांबती गाडी परवाशाची, न थांबती आपली," असं ती म्हणते. गाडी धडधडत आली की फलाटामागच्या लिंबाखाली उभी राहून त्या आवाजात ती पोटातून ओरडते. गाडी गेली की पदर सावरून शेंगा निवडायला घरी येते.

गावाला याची सवय आहे. कुणाच्या घरी भांडण झालं की आत्या त्यांना स्टेशनावर नेते. सुनेला एक्स्प्रेस पुरते, सासूला मालगाडी लागते, हा तिचा अनुभव. "पोटात ठिवलं की आंबतं," एवढंच तिचं शास्त्र.

मी तिच्याकडे आले ती दहावीच्या गणितात नापास होऊन. माझे बाबा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, पालमला दुकान चालवतात. त्यांनी मारलं नाही, रागावलेही नाहीत. बोलणं बंद केलं. मीही त्यांचीच लेक, मीही तोंड मिटलं. मग जेवण जाईना, झोप येईना, पुन्हा परीक्षेला बसायचं नावही नको वाटायला लागलं. आईनं घाबरून मला एसटीत बसवलं.

"पोरगी हाय का कुलूप?" आत्यानं दारातच विचारलं आणि संध्याकाळी मला लिंबाखाली उभं केलं. गाडी आली. मी तोंड उघडलं तर नुसता खोकला आला.

"खोकला तर खोकला," आत्या म्हणाली. "नळाला बी आधी हवाच येती."

काही दिवसांनी एका मालगाडीला मात्र सगळं बाहेर पडलं. "बाबा, बोला की माझ्याशी," असं मी घसा फुटेस्तोवर ओरडले आणि मग रडतच राहिले. आत्यानं मला गप्प केलं नाही, नुसती शेजारी उभी राहिली. मी घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या आणि बाबांना फोन लावून तेच वाक्य साध्या आवाजात सांगितलं. बाबा म्हणाले, "जेवलीस का?" मला तेवढं पुष्कळ होतं.

आज मी परभणीला कृषी विद्यापीठात शिकते. वाईट वाटलं तर तसं सांगते, आणि दुसरं कुणी सांगत असेल तर ऐकून घेते. हे आत्याचं देणं आहे, आणि त्यासाठी मी तिची जन्माची ऋणी आहे.

पण ती स्वतः काय ओरडते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ते कळलं मी पालमला परतायच्या आदल्या संध्याकाळी. लांबून आवाज आला, आत्यानं ओरडायला सुरुवात केली आणि समोरून आलं नुसतं रिकामं इंजिन. ते क्षणात पुढं गेलं. आत्याचा आवाज फलाटावर एकटाच राहिला.

"आण्णा, दार उघडा. मला भ्या वाटायलंय."

आण्णा म्हणजे माझे आजोबा, जाऊन किती वर्षं झाली. रडणाऱ्या लेकराला ते ज्वारीच्या खोलीत कोंडायचे आणि आवाज बंद झाल्यावरच कडी काढायचे, हे आईकडून कानावर आलं होतं. आत्या आणि बाबा, दोघंही त्याच खोलीत वाढले. बाबा तिथंच गप्प राहायला शिकले असणार.

आत्या ओशाळली. "इंजिनच निघालं की गं," ती म्हणाली.

मी हात धरून तिला बाकावर बसवलं. "आत्या, त्या खोलीत तू काय करायचीस?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नसावं. पदराचं टोक चाळवत ती सांगायला लागली. मध्येच मालगाडी आली. आत्या थांबली. शेवटचा डबा जाईपर्यंत तिनं वाट पाहिली आणि मला नीट ऐकू येईल अशा बेतानं पुढं सांगू लागली.