ओठ बघ, ओठ

भागवत काकांच्या घरी टीव्हीला आवाज नसतो. टीव्ही बिघडलेला नाही, ते आवाज बंद करूनच बघतात. बातम्या, क्रिकेट, मराठी मंडळाच्या नाटकाचं शूटिंग, सगळं मुकं. आपण रिमोटकडे हात नेला की म्हणणार, "आवाज कशाला हवाय? ओठ बघ, ओठ."

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात आमच्या शेजारी राहणारे हे काका जन्मभर एका कार कंपनीत इंजिनाचा आवाज कमी करण्याचं काम करत होते. रिटायर झाल्यावर तरी माणसाने थांबावं की नाही? पण त्यांना मूकपटांतला एक अमेरिकन नट सापडला. त्याचं नाव ते घेत नाहीत, "आपला माणूस" म्हणतात. त्यामुळे पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे जमवून होणाऱ्या जेवणाला, आलेल्या नव्या मंडळींना वाटतं, कुणी सांगली-कोल्हापूरकडचा असेल.

आपला माणूस ओहायोतल्या शेतकऱ्याचा मुलगा. फिरत्या नाटक कंपनीतून सिनेमात गेला. नायकाचा मित्र होऊन चिखलात पडपड पडला आणि नाव कमावलं. मग बोलपट आले आणि त्याला कुणी बोलावलंच नाही.

"आवाज वाईट होता का हो?" मी एकदा विचारलं.

"ऐकला होता कुणी?" काका उसळले. "टेस्टसुद्धा नाही घेतली त्याची. म्हातारपणी त्याच स्टुडिओच्या गेटवर बसून लोकांच्या गाड्या आत सोडायचा."

त्याची रिळं चांदी काढायला वितळवली गेली. एवढा एक तुकडा उरला. त्यात तो दारात उभा राहून कुणाला तरी काही सांगतो, आणि पडद्यावर त्या वाक्याची लेखी पाटी यायच्या आत तुकडा संपतो. काकांनी तो इतक्यांना इतक्यांदा दाखवलाय की लोक आता त्यांना बोलवायला कचरतात. "तो खरंच बोलायचा कॅमेऱ्यासमोर," काका सांगतात. "बहिऱ्या लोकांना सगळं कळायचं. प्रॅक्टिस पाहिजे, यार."

ऐंशीला टेकलेल्या माणसाला कसली प्रॅक्टिस करायची होती, ते मला या हिवाळ्यात कळलं. त्यांचं बर्फ उपसायचं फावडं परत द्यायला गेलो, तर भिंतीवर जुनी फिल्म चालू होती. अमेरिकेत आल्यावर तेव्हा सगळेच करायचे तेच काकांनीही केलं होतं. भारतात दाखवायला घर, गाडी आणि फ्रिज यांचं शूटिंग. त्या कॅमेऱ्यात आवाज येत नसे. मधोमध फ्रिज, आणि कडेला काकू, अर्ध्या कापलेल्या. कॅमेऱ्याकडे बघून हसत काहीतरी बोलत होत्या.

काकू फार लवकर गेल्या, मोबाईल-बिबाईल येण्याच्या आधी.

"तिचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही रे," काका म्हणाले. "ही काय म्हणतेय, तेवढं तरी कळू दे. तू बघ. तुझे डोळे फ्रेश आहेत."

मला पहिल्याच खेपेला कळलं. सांगायचं जिवावर आलं.

"काका, हात बघा ना त्यांचा. बोलावतायत तुम्हाला. अहो, पुरे ते, इकडे या, असं काहीतरी."

काकांनी फिल्म मागे घेतली. पुन्हा लावली.

"हात," ते म्हणाले. "मी ओठच बघत बसलो."

भिंतीवर कॅमेरा काकूंना सोडून वळला. काकांचाच तरुण हात पुढे आला आणि त्याने फ्रिज उघडला. दूध, अंडी, संत्र्याचा रस, सगळं सावकाश, नीट दिसेल असं.

"गेलो नाही मी," काका म्हणाले.

रीळ संपेपर्यंत आम्ही दोघं तो फ्रिज बघत होतो.