निर्मनुष्यतेचे चाळीस गुण

फूल पाहायला डोळे लागतात हा एक जुना गैरसमज आहे. फूल पाहायला जागा लागते. डोळे सगळ्यांनाच असतात, त्यामुळे त्यांचं कुणाला कौतुक नाही. चांगली जागा मात्र एका वेळी एकालाच मिळते, आणि ती आपल्याला मिळाली हे इतरांना कळवता येतं. फुलाचा खरा सुगंध तो हाच.

रानफुलांना या गोष्टीची मुळीच जाण नसते. वसंत आला की ती कुणालाही न विचारता वाटेल तिथे उगवतात. रेल्वेच्या रुळांलगत, बंद कारखान्याच्या आवारात, जिथे धड गाडी लावायला जागा नाही अशा ठिकाणी. या बेशिस्तीला आळा घालण्यासाठी आमच्या शहरात ‘वासंतिक रानफूल दर्शन व छायाचित्रण मंडळ’ स्थापन झालं. मी त्याचा मानद चिटणीस आहे. (काम चिटणिसाचं, मान अध्यक्षांचा.) अध्यक्ष पेशाने दंतवैद्य आहेत. फुलांची नावं त्यांना येत नाहीत, पण कुठल्याही फुलात ते बॅटरी मारून अगदी आतपर्यंत पाहतात आणि “वेळेवर आलात” असं म्हणतात.

शहर आणि परिसरातल्या फुलांच्या जागांना गुण देणं हे मंडळाचं मुख्य कार्य. एकूण गुण शंभर. पैकी गाडी लावायची सोय पंचवीस, मोबाइलची रेंज पंधरा, जवळपास चहा दहा आणि फुलं दहा. उरलेले चाळीस गुण निर्मनुष्यतेचे.

निर्मनुष्यता म्हणजे चित्रात माणूस न दिसणं. माणूस आला की निसर्ग संपला, असं मंडळाच्या घटनेत पहिल्याच पानावर आहे. (छायाचित्रकाराची पत्नी, मुलं, मेहुणी आणि नवी गाडी यांना अपवाद करण्यात आला आहे. ही निसर्गातच धरली जातात.) एखाद्या जागेला निर्मनुष्यतेचे पैकीच्या पैकी गुण मिळाले, की पुढच्या रविवारी तिथे सुमारे चार हजार माणसं जातात आणि दिवसभर एकमेकांना बाजूला व्हायला सांगतात. काही कुजकट लोकांना यात विसंगती दिसते. म्हणून आम्ही रीतसर पाहणी केली. चार हजारांपैकी प्रत्येकाने, गर्दी इतर लोकांची आहे, असं उत्तर दिलं. म्हणजे जो स्वतः गर्दी आहे असा माणूस त्या ठिकाणी एकही आढळला नाही. निर्मनुष्यता यापेक्षा वेगळी काय असते?

आता टाकीच्या उताराविषयी.

शहराच्या टोकाला पाण्याची टाकी आहे, टाकीखाली लांबलचक उतार आहे आणि उताराच्या मध्यावर एक खोली होती. त्या खोलीत माझी सख्खी आत्या राहायची. आत्याचे यजमान टाकीवर पहारेकरी होते. ते गेल्यावर आत्याला खोली सोडायला कुणी सांगितलं नाही, कारण तिथे खोली आहे हे पाणीखात्यात कुणाच्या लक्षातच नव्हतं. आत्याने बकऱ्या पाळल्या होत्या. त्या दिवसभर उतारावर चरायच्या आणि आत्या दारात बसून त्यांना नावानिशी शिव्या द्यायची.

एका वसंतात मी तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला गेलो, आणि पाहतो तर सगळा उतार जांभळा आणि पिवळा झालेला.

“आत्या, अगं, केवढं सुंदर आहे हे!”

“काय?”

“ही फुलं!”

“ती होय!” आत्या एका बकरीचा खूर धरून त्यातला खडा काढत होती. “बकऱ्या तोंड लावत नाहीत मेल्या त्यांना. दरवर्षी येतात. तू चहा घेणार का?”

मी चहा घेतला आणि छायाचित्रही घेतलं. अध्यक्षांनी ते पाहून गुण मांडले. गाडीला मैदानच होतं, पंचवीस. टाकीवर मोबाइलचा मनोरा, पंधरा. चहा दहा. (आत्या.) फुलं दहा. निर्मनुष्यता शून्य, कारण चित्रात आत्या होती, बकऱ्या होत्या, खोली होती, आणि वाळत घातलेली लाल चादर तर डोळ्यांत खुपत होती. साठ गुण म्हणजे पोरगं कसंबसं पास.

“तुमच्या आत्याबाई काढता येतील का?” अध्यक्षांनी विचारलं. दंतवैद्याला हा प्रश्न सहज सुचतो.

“माझी सख्खी आत्या आहे हो.”

“छे, छे, एकदम नाही काढायचं. आधी नुसतं हलवून पाहू.”

मंडळाच्या कामात मी नातं आणत नाही. तरीही नात्याचा एक फायदा असतो. परक्या माणसाला विनंती करावी लागते, आपल्या माणसाला सांगितलं की झालं. माझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा या आत्यानेच मला दीड वर्ष सांभाळलं होतं. माझा शब्द ती मोडणार नाही याची मला खात्री होती, आणि तिने तो मोडला नाही.

पहिल्यांदा कपडे वाळत घालायची दोरी खोलीच्या मागे गेली. चार गुण. मग दहा वाजेपर्यंत बकऱ्या खोलीत कोंडायच्या ठरल्या, कारण सकाळचं ऊन कोवळं असतं. आठ गुण. मग मंडळाने स्वखर्चाने खोलीला हिरवा रंग दिला, दार, खिडकी आणि दाराशी ठेवलेली बादली यांसह. पुढे आत्याचा जाहीर सत्कार करून तिला एक हिरवा स्वेटर भेट देण्यात आला. (फुलांचा गुच्छ बाजारातून आणला होता. रानफुलं तोडायला मंडळाची सक्त मनाई आहे.) स्वेटरने दोनच गुण वाढले. चेहरा तेवढा दिसत राहिला.

“बाळ्या, मग मी बसू तरी कुठे रे?”

“आत बस ना, आत्या. थोडा वेळ.”

“आत बकऱ्या आहेत.”

“त्यांच्या शेजारी बस.”

“बरं,” आत्या म्हणाली आणि आत जाऊन बसली. आपल्या दारात बसायला ती आपल्या भाच्याची परवानगी मागते आहे, हे तिच्या लक्षात आलं नसावं. माझ्या आलं होतं, पण तेवढ्यात ऊन फार छान पडलं.

त्या वर्षी माझ्या छायाचित्राला मंडळाचा पहिला पुरस्कार मिळाला. ते फिरत फिरत पाणीखात्याच्या साहेबांच्या फोनवर गेलं. हिरव्यागार उतारावर हिरवाच पण जरा जास्त चौकोनी असा काहीतरी भाग आहे, हे त्यांच्या तल्लख नजरेने टिपलं, आणि टाकीखाली आपली एक खोली असल्याचं खात्याला तीस वर्षांत प्रथमच समजलं. साहेब स्वतः आले. अतिशय सुसंस्कृत माणूस. त्यांनी आत्याच्या हातचा चहा घेतला, चहाची तारीफ केली आणि महिन्याभरात खोली रिकामी करायला सांगितली. अध्यक्षांचा जीव भांड्यात पडला. मंडळाला जे हळूहळू हलवावं लागत होतं, ते सरकारने एका झटक्यात, आणि तेही फुकट, काढून दिलं.

बकऱ्या गेल्या. कुठे गेल्या ते मी आत्याला सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. आत्या माझ्या घरी आली. मंडळाचे जुने फलक आणि तिवया ठेवतो त्या खोलीत तिची उत्तम सोय केली आहे. अजून पहाटे उठून ती बाहेरच्या दाराची कडी काढते आणि दार धरून उभी राहते.

“आत्या, कुणाला सोडायचंय बाहेर?” माझी बायको विचारते.

“कुणाला नाही गं. सवय.”

तिकडे खोली पाडली गेली आणि टाकीच्या उताराला शंभरपैकी शंभर गुण मिळाले. मंडळाच्या इतिहासात हे प्रथमच घडलं. पेढीवाल्यांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांनी अभिनंदन केलं. शेजारच्या शहरातलं मंडळ तेव्हापासून आम्हाला पाण्यात पाहतं.

पुढच्या वसंतात उतारावर एकही फूल आलं नाही.

गवत मात्र जोमदार आलं. बकऱ्यांचा उपद्रव कायमचा थांबल्याने ते कमरेपर्यंत वाढलं, आणि खाली जमिनीला ऊनवारा लागू नये याची त्याने चोख व्यवस्था केली. फुलं का आली नाहीत हे शोधायला समिती नेमली गेली. समितीने तीन कारणं दिली: हवामान, शेजारच्या मंडळाची नजर आणि फुलांचा कृतघ्नपणा. तिसऱ्या कारणावर अध्यक्ष बराच वेळ बोलले. आपण त्यांच्यासाठी काय नाही केलं, असं त्यांनी तीनदा विचारलं.

नंतर नियमाप्रमाणे गुण मांडले. फुलांचे दहा वजा जाऊन उताराला नव्वद मिळाले. (खोली पाडली त्याच आठवड्यात तिथे चहाचा ठेला लागला होता.) दुसऱ्या क्रमांकाच्या जागेला, जिथे फुलं भरपूर होती पण एक म्हातारा गवत कापत होता, साठ. त्यामुळे टाकीचा उतार हीच याही वर्षी रानफुलं पाहण्याची सर्वोत्तम जागा ठरली. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. आलेल्या रसिकांची निराशा होऊ नये म्हणून जिथे खोली होती तिथे आदल्या वर्षीचं माझं छायाचित्र भिंतीएवढं छापून उभं केलं. आता लोक त्याचंच छायाचित्र काढतात. वाऱ्याने फुलं हलत नाहीत, संध्याकाळी दिवे लागतात, आणि एकाचीही तक्रार नाही.

फुलं आली नाहीत हे आत्याच्या कानावर गेलं. मी जेवत होतो.

“मग आता तिकडे कुणी येत नसेल ना रे फोटोला?” ती म्हणाली. “मी जाऊ का परत?”

“आत्या, खोली पाडली ना.”

“खोली नसली तरी चालेल.”

मला वाईट वाटलं. (इतिवृत्तात याची नोंद नाही.) पण ती तिथे जाऊन बसली असती तर उतार सरळ पन्नासावर आला असता, हे मी तिला नीट समजावून सांगितलं. “बरं,” आत्या म्हणाली, आणि तिने मला आणखी भात वाढला.

ते छायाचित्र, वाचकहो, आपल्याकडेही आहे. एका सकाळी वर ‘सुप्रभात’ लिहून कुणीतरी आपल्याला पाठवलं, आपण पुढे पाच-सहा जणांना पाठवलंत, आणि ‘किती शांत जागा! कुठे आहे ही?’ असं मंडळाला विचारलंत. आत्ताही ही टाकी नेमकी कुठली, याचा शोध घेतच आपण इथवर आलात, याबद्दल मंडळ आपलं ऋणी आहे.

एक खुलासा तेवढा राहिला. ते छायाचित्र काढलं त्या सकाळी आत्या बकऱ्यांसाठी पाणी आणायला बाहेर पडली होती. ऊन अगदी हवं तसं आलं होतं, तिला परत आत जायला वेळ नव्हता. मी ओरडलो, “आत्या, आहेस तिथेच खाली बस, मान खाली घाल, हलू नकोस!” ती फुलांमध्ये बसली, गुडघ्यांत तोंड घालून. “झालं का रे?” असं तिने दोनदा विचारलं. चित्रात उजवीकडे खालच्या कोपऱ्यात जे करडं काहीतरी दिसतं, ते तिचं डोकं. बहुतेकांना तो दगड वाटला आणि त्यांनी चालवून घेतला. आपण चोखंदळ. आपण दोन बोटांनी चित्र मोठं करून पाहिलंत आणि लिहिलंत, ‘अप्रतिम! कोपऱ्यात तेवढं काहीतरी मध्ये येतंय, ते काढता आलं तर बघा.’

आपली सूचना मान्य झाली आहे. तेवढं काढलं आहे.