आरजूच्या लग्नाची लिंक

"अम्मी, एक इचारू? रागवू नको."

"इचार."

"आरजूच्या लग्नात एवढं मोठं भाषण कावून ठेवलंतं?"

भेंडी चिरता चिरता सायराबीचा हात थांबला. शुक्रवारची सकाळ, अकरा वाजत आलेले. सौदीत दम्मामला आज सुट्टी, म्हणून जाकीरनं व्हिडिओ कॉल लावला होता. त्याच्या मागं खोलीतले पाच-सहा गडी दाटीवाटीनं बसलेले दिसत होते.

"कसलं भाषण?"

"अगं, पावणेदोन घंटे झाले, एक माणूस बोलतोय. पांढरा शर्ट, गळ्यात हार. मला वाटलं, अब्बांनी कुणी बडा पाहुणा बोलावला आसंल. मग त्याला फेटा बांधला, केक कापला, जेसीबीतून फुलं उधळली. म्हणलं, आजकाल लग्नात काय बी करतात. पण आता तो रस्त्याच्या डांबरावर बोलायलाय, अम्मी! माझा केरळचा दोस्त तर इचारतोय, हाच नवरदेव हाय का म्हणून. आरजू कधी येणार?"

सायराबीनं कपाळावर हात मारून घेतला, आणि भेंडीचा चिकट हात कपाळाला तसाच लागला.

आरजूचं लग्न होऊन तीन आठवडे झाले होते. एकुलती एक बहीण, आणि जाकीरला रजा मिळाली नव्हती. तिथं बंदरावर तो क्रेन चालवायचा. निरोपाच्या वेळी बहिणीच्या डोक्यावर कुराण धरून तिला गाडीपर्यंत न्यायचं, हे भावाचं काम. ते चुलत भावानं केलं. त्या दिवशी जाकीरनं फोन केला तेव्हा तो धड बोललाच नाही. नातेवाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तुकडे पाठवले होते, पण त्यात माणसं ओळखू येत नव्हती. एका तुकड्यात तर आरजू समजून त्यानं आतेबहिणीलाच मुबारकबाद दिली. तेव्हा सायराबीनं ठरवलं होतं: पोरानं लग्न बघायचं तर आख्खं बघायचं, हळद लागण्यापासून लेक जाण्यापर्यंत. तुकडे नकोत.

व्हिडिओवाला मुबीन म्हणाला होता, "खाला, अठरा जीबीची फिलम हाय, व्हॉट्सअ‍ॅपवर मावत न्हाई. मी इंटरनेटवर चढवतो आन् लिंक देतो. जाकीरभाईनं ती दाबली की फिलम त्याच्या फोनात उतरंल. लिंक सात दिवस जित्ती राहते." सायराबीच्या स्वतःच्या फोनात अठरा जीबी मावणं शक्य नव्हतं. तिनं ती लिंक तशीच दम्मामला धाडली. कॅम्पातल्या वायफायवर थेंब थेंब करत चार दिवसांत जाकीरनं फिलम उतरवली, आणि आज सुट्टीच्या दिवशी दोस्तांना घेऊन बघायला बसला. आता त्यातून डांबर निघालं होतं.

"ते उडवू नको," सायराबी म्हणाली. "फोनात राहू दे. मी बघते."

"काय बघते, अम्मी? जाऊ दे आता. पुढच्या साली आलो की बघीन."

"जाकीर, फोन ठेव."

भेंडी तशीच ओट्यावर टाकून, बुरखा चढवून ती दहा मिनिटांत मुबीनच्या स्टुडिओत हजर झाली. मुबीन कॉम्प्युटरपुढं बसून एका नवरदेवाचं तोंड उजळवत होता. सायराबीनं सगळं सांगितलं. पांढरा शर्ट आणि जेसीबी म्हणताच त्याचं स्वतःचं तोंड उतरलं.

"खाला, बसा तरी."

"बसायला न्हाई आले. तो माणूस कोण?"

"तलवाड्याचे पुढारी, अमरसिंह भैया. एक्कावन्नावा वाढदिवस. दोन्ही फिलमा एकाच दिवशी चढवल्या. एकीचं नाव 'फायनल', दुसरीचं 'फायनल नवी'. त्यांची लिंक तुमाला गेली वाटतं."

"मग आमची?"

मुबीननं माउस बाजूला सरकवला. "तलवाड्याला."

"बरं. मग आता आमची मला दे."

मुबीन कॉम्प्युटरकडं बघायला लागला. मग छताकडं. शेवटी एकेक करून त्यानं सांगून टाकलं. लिंक आज सकाळी नऊला बंद पडली. इंटरनेटवरची फिलम तिच्याबरोबर गेली. आणि कॉम्प्युटरमधली? लग्नसराई आहे, डिस्कमध्ये तसूभर जागा उरत नाही. सहा दिवस दोन्हीकडून कुणाची तक्रार आली नाही, म्हणून काल संध्याकाळी त्यानं दोन्ही फिलमा काढून टाकल्या.

"म्हंजी आरजूचं लग्न आता कुठंच न्हाई?"

"हाय की. तलवाड्यात हाय. त्यांनी उतरवून घेतली आसंल तर."

"लाव फोन."

"खाला, भैयांना फोन लावून काय सांगू? तुमचा वाढदिवस दम्मामला गेला म्हणून?"

"तेच सांग."

मुबीननं फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. सायराबी दारात जाऊन उभी राहिली. "काढ गाडी."

"आत्ता? खाला, आज जुम्मा हाय. नमाज…"

"गेवराईला पढ. मी बाहेर थांबते."

मुबीननं आणखी दोन-तीन कारणं काढून बघितली. पेट्रोल कमी आहे, मागचं चाक नरम आहे, भैयांचा स्वभाव तापट आहे. सायराबीनं पेट्रोल भरवलं, चाकात हवा मारून घेतली आणि तापट स्वभावाचं तिथं गेल्यावर बघू म्हणाली. साडेअकराला मोटारसायकल बीड सोडून महामार्गाला लागली. मुबीन पुढं, सायराबी मागं, एका हातानं सीटची कडी धरून.

गेवराईत नमाज पढून मुबीन बाहेर आला आणि त्याचा फोन वाजला. तलवाड्याहून होता. भैयांची सून, स्वप्ना. त्या घरातलं कॉम्प्युटरचं सगळं काम तीच बघायची.

"मुबीनभाऊ, अहो तुमी काय पाठवलंय हे? कुणाचं तरी लग्न लागलंय आमच्या टीव्हीवर! दुपारी कार्यकर्ते येणारेत फिलम बघायला. लॅपटॉपमधी जागा न्हाई, ही मी उडवते. तुमी खरी पाठवा लगेच."

"वहिनी, उडवू नका! ऐका, ती…"

फोनमध्ये खरखर झाली आणि आवाज गेला. मुबीननं परत लावला. संपर्क होत नव्हता. त्यानं सायराबीकडं बघितलं. तिनं शेवटचं वाक्य नीट ऐकलं होतं.

"हाण गाडी," ती म्हणाली.

पुढचा रस्ता मुबीननं कसा कापला ते त्याचं त्यालाच माहीत. खड्डा आला की तो ब्रेक दाबायचा आणि मागून आवाज यायचा, "खड्डे मी सोसते, तू चल." तलवाड्यात शिरल्यावर भैयांचं घर विचारायची गरज पडली नाही. दारात दोन जीपगाड्या, अंगणात मंडप, मंडपात चाळीसेक माणसं खुर्च्यांवर अवघडून बसलेली. आणि ओट्यावर, फेटा काखेत धरून, स्वतः अमरसिंह भैया उभे. स्वतःच्या घरात जायला कुणी बंदी केल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"आला का बे तू!" मुबीनला बघून ते गरजले. "कुठंय आमची फिलम?"

मुबीन सायराबीच्या मागं सरकला. सायराबी पुढं झाली.

"भैया, तुमची फिलम माझ्या पोराकडं हाय. दम्मामला. माझ्या पोरीचं लग्न तुमच्याकडं हाय. उडवलं का ठेवलं, तेवढं आधी सांगा."

भैयांनी फेटा दुसऱ्या काखेत घेतला. "दम्मामला? म्हंजी सौदीत?"

"सौदीत. आज पहाटपासनं सहा माणसं बघायलीत."

मंडपातल्या माणसांत कुजबुज सुरू झाली. भैयांचं भाषण परदेशात गेलं, ही बातमी एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर गेली. भैयांनाही आपण रागावावं की नाही हे ठरवता येईना.

तेवढ्यात स्वप्ना बाहेर आली. सायराबीला बघून तिनं जीभ चावली. "मावशी, लॅपटॉपमधली उडवली मी. मला काय माहीत…"

सायराबीनं वळून मुबीनकडं बघितलं.

"पण टीव्हीला पेन ड्राइव्ह लावलाय," स्वप्ना घाईघाईनं म्हणाली, "त्यात हाय. तो बी काढणार होते, पण आत्याबाई काढू देईनात."

आत्याबाई म्हणजे भैयांची आई, बायनाबाई. सायराबी आत गेली तर मोठ्या खोलीत आळीतल्या पंधरा-वीस बाया टीव्हीपुढं मांडी घालून बसलेल्या. सगळ्यांत पुढं पंच्याहत्तरीच्या बायनाबाई, हातातली काठी आडवी धरून. टीव्हीच्या जवळ येणाऱ्याला ती लागेल अशीच धरली होती.

"माय," भैया दारातनं काकुळतीला येऊन म्हणाले, "किती येळा सांगू? हे आपलं न्हाई."

"आपलं नसू दे. पोरीला हळद लागलीय. आता आर्ध्यातनं उठू का? तुझं भाषण मी रोज ऐकते."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. बायनाबाईंनी वळून बघितलं. बुरख्याचा पडदा वर सारलेली, धुळीनं माखलेली एक बाई दारात उभी होती.

"तुमी कोण, बाई?"

"नवरीची अम्मी."

खोलीत एकदम हालचाल झाली. बाया सरकल्या, जागा झाली, कुणी पाण्याचा तांब्या आणला. बायनाबाईंनी तिला हाताला धरून शेजारी बसवलं. "लई गुणाची पोर दिसतीया तुमची. दिली कुठं?"

"जालन्याला. पण आक्का, मला आधी हा पेन ड्राइव्ह पायजे. तिच्या भावानं लग्न बघितलंच न्हाई. सौदीत हाय तो. त्याला पाठवायचंय."

बायनाबाईंची काठी तशीच आडवी होती. "आता वरात आलीया, बाई. नवरदेव अजून उतरला न्हाई."

"पंधरा मिनटं द्या. लॅपटॉपमधी घेतलं की परत लावते."

"लोक म्हणतात पंधरा मिनटं."

"मी इथंच बसते तुमच्याजवळ. तुमचं बघून होईस्तोर उठणार न्हाई."

हे ऐकून बायनाबाईंनी काठी खाली ठेवली. स्वप्नानं पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला. लॅपटॉपमध्ये जागा करायला भैयांच्या गेल्या वर्षीच्या मिरवणुकीचे चारशे फोटो काढावे लागले. स्वप्नानं सासऱ्यांकडं बघितलं, सासऱ्यांनी आईकडं, आणि फोटो गेले.

आता प्रश्न चढवण्याचा. मुबीन म्हणाला, "बीडला नेऊन चढवतो, खाला. उद्यापर्यंत…"

"न्हाई. हितं. आत्ता. माझ्यापुढं."

भैयांच्या घरी सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी जाड तारेचं इंटरनेट घेतलेलं होतं. दोन तासांत चढेल, असं स्वप्ना म्हणाली. मुबीननं फायलीला नाव दिलं. सायराबीनं ते त्याच्याकडून तीनदा मोठ्यानं वाचून घेतलं: 'आरजूचं लग्न'. नवं-जुनं, फायनल-बियनल काही नाही. मग तिनं जाकीरला फोन लावला.

"बेटा, ते भाषण उडवलं तर न्हाई ना?"

"न्हाई. खरं सांगू का, दोस्त बघत बसलेत अजून. फुलं उधळायची जागा त्यांना परत लावून पायजे."

"बघा म्हणावं, आन् झालं की परत पाठव. तू बी इंटरनेटवर चढव आन् लिंक दे. भैया वाट बघायलेत."

भैयांनी हात पुढं करून फोन मागून घेतला. "जाकीरराव, नमस्कार. किती लोक हायत तिथं? सहा? आवाज नीट येतोय ना?" ते बोलत बोलत ओट्यावर गेले. मंडपातले चाळीस जण ताटकळले होते. त्यांना काय सांगायचं असा प्रश्न होता, पण भैयांनी फोनवर हात ठेवून सांगितलं, "चहा घ्या सगळ्यांनी. परदेशातनं यायलीय फिलम," आणि लोक पुन्हा खुर्च्यांवर टेकले.

पेन ड्राइव्ह टीव्हीला परत लागला. नवरदेव उतरला. निकाह झाला, तेव्हा बायनाबाईंनी "आता काय म्हणाले?" असं विचारलं आणि सायराबीनं सांगितलं. जेवणं झाली. कुठला पाहुणा कोण, कुणाचं कुणाशी पटत नाही, हेसुद्धा हळूहळू आळीतल्या बायांना कळलं. मधूनच लॅपटॉपकडून मुबीनचा आवाज येई: चाळीस टक्के, पंचावन्न, सत्तर. पहिल्या दोन-तीन वेळी सायराबीनं मान वळवून आकडा बघितला. नंतर ती वळली नाही.

लग्नाच्या दिवशी तिनं यातलं काहीच बघितलं नव्हतं. निकाह झाला तेव्हा ती मागं बिर्याणीच्या देगांजवळ होती. पाहुणे जेवत होते तेव्हा पाणी कमी पडलं म्हणून टँकरवाल्याला फोन करत होती. आणि लेक निघाली तेव्हा तिनं दुपट्ट्यात तोंड खुपसलं होतं, ते गाडी गेल्यावरच बाहेर काढलं.

टीव्हीवर आरजू दारातनं बाहेर आली. चुलत भावानं डोक्यावर कुराण धरलं होतं. गाडीचं दार उघडलं. एक पाय आत टाकून ती थांबली, मागं वळली आणि गर्दीवरून नजर फिरवू लागली. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं.

"कुणाला धुंडतीया गं पोर?" बायनाबाईंनी हळूच विचारलं.

सायराबी पुढं सरकून बसली. पडद्यावर, गर्दीच्या कडेला, दुपट्ट्यात तोंड घातलेली एक बाई उभी होती. आरजूची नजर तिच्यावर येऊन टेकली आणि तिथंच थांबली.

"खाला!" मुबीन ओरडला. "शंभर टक्के! लिंक तयार! दाबू का?"

ओट्यावरून भैयाही धावत आले. "पाठवा, पाठवा. तिकडं जाकीररावांनी आमची चढवायला घेतलीय!"

सायराबीनं मागं न वळता हात वर केला.

"थांबा रे जरा," ती म्हणाली. "माझी पोरगी निघालीय."

मुबीनचं बोट हवेतच राहिलं. भैयांनी पायातल्या चपला काढल्या आणि आवाज न करता आईच्या मागं येऊन बसले.